दोन वर्षं उभी असलेली स्प्लेंडर आणि अठरा पूर्ण झालेला मुलगा: सुरुवात कुठून करायची?

पार्किंगनिवासी

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये २०१० ची स्प्लेंडर प्लस (किकवाली, कार्ब्युरेटरची, एमएच १२) दोन वर्षं नुसती उभी आहे. टाकीत तेव्हाचं दोनेक लिटर पेट्रोल तसंच आहे. टायर बसलेत, बॅटरी मेली आहे, मागचा ब्रेक दाबला की पेडल परत वर येत नाही. मुलाला नुकती अठरा पूर्ण झाली. घर धायरीला, कॉलेज शिवाजीनगरला. नवी गाडी इतक्यात द्यायची नाही. ही त्याने स्वतःच्या हाताने सुरू करायची आणि मग हीच चालवायची, असा बेत आहे. पाना धरता येतो, त्यापलीकडे अनुभव शून्य.

मेकॅनिककडे काय न्यावं, घरी काय करता येईल, नेहमीच्या चुका कोणत्या आणि रस्त्यावर सोडण्याआधी त्याच्याकडून काय घोटून घ्यावं, हे सविस्तर सांगा. "चांगल्या गॅरेजला द्या" हे उत्तर माहीत आहे.

तेलकट चिंधी

पहिला नियम: आल्या आल्या किक मारत सुटायचं नाही. पोरांना तोच मोह होतो. दोन वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा कोरड्या असतात आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झालेला असतो. अशात पन्नास किका मारून सिलिंडरवर ओरखडे तेवढे पडतील.

आधी टाकी रिकामी करा. कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) बंद करून कार्ब्युरेटरकडची नळी काढा, डब्यात धरा आणि कॉक रिझर्व्हवर टाका. ऑनवर टाकलात तर तळाचं पेट्रोल उतरत नाही, कारण टाकीच्या आत ऑनची नळी उंच असते आणि रिझर्व्हचं भोक तळाशी. सगळा कचरा तळाशीच असतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाला बसतो. डब्यात खाली वेगळा थर दिसला किंवा पेट्रोलला वॉर्निशसारखा वास आला, तर नव्यात मिसळून "खपवायचा" विचार सोडा. गटारातही ओतू नका.

टाकीत मोबाइलच्या टॉर्चने बघा (काडी पेटवून नव्हे, हे लिहावं लागतं). तांबूस पापुद्रे दिसले तर टाकी उतरवा, मूठभर नट आणि थोडं पेट्रोल आत घालून खळखळ हलवा, ओता, पुन्हा करा. नट मोजून घाला आणि मोजून काढा. पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर नवीच टाका. चिमटीत वाकवल्यावर चिरा दिसल्या की तिचं आयुष्य संपलं. नाना पेठेत किरकोळ पैशात मिळते. सोबत छोटा पारदर्शक फिल्टर घ्या, म्हणजे टाकीतून गंज येतोय का ते डोळ्यांना दिसतं.

मग प्लग. टूलकिटमधला प्लग पाना लावण्याआधी प्लगभोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लग काढून भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, अर्धा तास थांबा. मग चावी बंद ठेवून, प्लग न लावता, हाताने किक हळूहळू दहा वेळा दाबा. सहज फिरलं तर इंजिन मोकळं आहे. अडकलं तर जोर लावू नका. तिथे मेकॅनिकच लागेल.

प्लग परत लावताना आटे पूर्ण बसेपर्यंत फक्त बोटांनी फिरवायचा. हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लग लोखंडाचा. तिरका घुसवला की हेडचे आटे जातात आणि काही रुपयांच्या प्लगपायी हेड उतरवायची वेळ येते. बोटांनी बसला की पाना लावून जुना प्लग पाव फेरा, नवा अर्धा फेरा. बस्स. गॅप ०.६ ते ०.७ मिमी. गाडी चालायला लागल्यावर पंधरवड्याने पुन्हा प्लग काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. काळा आणि तेलकट म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. इंजिनाच्या आत न बघता आतलं कळायची हीच एक खिडकी आहे, म्हणून हे काम मुलाकडूनच करून घ्या.

इंजिन ऑइल सुरू करण्याआधीच बदला. खाली १७ च्या पान्याचा ड्रेन बोल्ट आहे, त्याचं वॉशर नवं घाला. ९०० मिली, १०डब्ल्यू३०, डब्यावर "जासो एमए" (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा) लिहिलेलं. घरात कारचं उरलेलं ऑइल असेल तर ते नको. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरायला लागतो. डिपस्टिकने पातळी बघताना ती आट्यात फिरवायची नाही, नुसती टेकवायची, गाडी मेन स्टँडवर. हे चुकलं की ऑइल कमी असून पुरेसं दिसतं. ५०० किमीला पुन्हा बदला, दोन वर्षांचा बसलेला गाळ पहिल्या ऑइलबरोबर सुटून येतो.

एअर फिल्टरचा डबा उघडून बघाच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांना ती आयती खोली मिळते. वायरींवर दातांच्या खुणा आहेत का, तेही तिथेच बघा.

बॅटरी मेली तरी ही गाडी किकने सुरू होते, कारण ठिणगी मॅग्नेटोवरून (इंजिन फिरलं की वीज तयार करणारा भाग) येते. म्हणून लोक बॅटरी बदलत नाहीत. पण हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट बॅटरीवर आहेत. ब्रेकलाइट नसलेली गाडी सिंहगड रोडवर संध्याकाळी सातला चालवणं म्हणजे मागच्याच्या नशिबावर जगणं.

शनिवारचा पाना

चिंधीभाऊंनी इंजिनचं छान लिहिलंय, पण क्रम मी उलटा ठेवेन. जी थांबते तीच गाडी सुरू करावी. आधी ब्रेक.

पेडल वर येत नाही याचं नेहमीचं कारण शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) नसतं. ड्रमच्या झाकणातून जो छोटा दांडा बाहेर येतो (ब्रेक कॅम), तो गंजून जाम झालेला असतो. चाक काढा, प्लेट बाहेर घ्या, शू उतरवा, कॅम ठोकून बाहेर काढा, २०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि ग्रीसचा पातळ हात देऊन परत घाला. पातळ म्हणजे बोटावर दिसेल न दिसेल इतकंच. जादा ग्रीस गरम होऊन लायनरवर (शूवरचा घासणारा थर) उतरतं आणि मग तो शू फेकावाच लागतो, पेट्रोलने धुऊन भागत नाही. ड्रममधली काळी पूड तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर पॉलिश पेपरने चमक घालवा. जाडी तपासायला उघडायची गरज नसते. ब्रेक दाबून धरला की कॅमवरचा बाण प्लेटवरच्या खुणेपाशी पोचतो का ते बघा. पोचला तर शू संपले.

पुढच्या ब्रेकची आणि क्लचची केबल लिव्हरच्या टोकाशी नीट बघा. एक जरी तार तुटून उभी राहिली असेल तर केबल बदला, बाकीच्या तारा पाठोपाठ जातात. लिव्हरचा मोकळा खेळ टोकाशी १० ते २० मिमी, मागच्या पेडलचा २० ते ३०. आणि ॲक्सिलरेटर: हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे मूठ पिळून सोडा. टक्कन परत आली पाहिजे. वळवल्यावर रेस आपोआप वाढत असेल तर केबल चुकीच्या वाटेने गेलीय. यू-टर्न घेताना गाडी अंगावरून जाते ती अशीच.

चेन. चेनकव्हरला रबराचं बूच आहे, ते काढून मधोमध बोटाने वर-खाली करा. २५ मिमीच्या आसपास खेळ हवा. चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी मोजा. जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, एका जागी ३५ आणि दुसऱ्या जागी १० असेल तर सेट बदलायचा, आणि बदलायचा तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकदम. नवी चेन जुन्या दातांवर घातली की दोघांचं वाटोळं. ताणताना स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारे दांडे) खुणा दोन्हीकडे सारख्या ठेवा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. चेनलॉकच्या पत्तीचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला. उलटं बसवलं तर पत्ती निसटू शकते.

आता जे बहुतेक जण विसरतात ते. चेन ताणली म्हणजे मागचं चाक मागे सरकलं. ब्रेकची सळई मात्र तेवढीच राहिली. म्हणजे ब्रेक आपोआप थोडा लागलेला राहतो. चेन ताणल्यावर मागचा ब्रेक पुन्हा जुळवायचाच. नाहीतर दोन किलोमीटरवर ड्रम तापतो, वास येतो, ॲव्हरेज पडतं आणि दोष इंजिनाला जातो.

इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून चेन पुसायची नाही. चिंधी अडकते आणि बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. चाक हातानेच फिरवायचं. यात सूट नाही.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. ३४१६ म्हणजे २०१६ च्या ३४ व्या आठवड्यातला. नक्षी भरपूर दिसली तरी कडेला केसासारख्या चिरा असतील तर बदला, ट्यूबसकट. हवा पुढे २५, मागे एकट्याला २८ पीएसआय. डबल सीटसाठी मागे जास्त लागते, आकडा चेनकव्हरच्या स्टिकरवर आहे. पंपावरच्या पोराला "पस्तीस-पस्तीस मार" म्हणायची पुणेरी सवय लावू नका. पुढचा टायर दगडासारखा होतो आणि ओल्या रस्त्यावर सुटतो.

एकच प्रश्न

इतका उपद्व्याप कशाला? भंगारात द्या आणि बिनगिअरची स्कूटर घ्या.

शनिवारचा पाना

@एकच प्रश्न: त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय! शिवाय ९७ सीसीचं हे इंजिन शिकायला यासाठी बरं की चूक केली की लगेच कुरकुरतं, पण मोडत नाही.

कागदी घोडा

तेलापाण्याआधी कागद बघा. २०१० ची गाडी म्हणजे आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) १५ वर्षं संपली. आरसीवर तारीख छापलेली असते. ती उलटली असेल तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण, आरटीओत प्रत्यक्ष तपासणी आणि पर्यावरण कर. मंजूर झालं तर पुढची ५ वर्षं मिळतात. तपासणीत हेडलाइट, हॉर्न, ब्रेक, टायर आणि चॅसिस नंबर बघतात. चॅसिस नंबर हँडलच्या गळ्याशी कोरलेला असतो. त्यावर गंज किंवा रंग चढला असेल तर रॉकेलच्या फडक्याने आधीच साफ करून ठेवा, घासून अंक पुसट करू नका. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. ती अधिकृत बुकिंगनेच घ्यायची, रस्त्यावर बनवलेली सारखी दिसणारी प्लेट चालत नाही. पीयूसी या वयाच्या गाडीला दर सहा महिन्यांनी.

विमा दोन वर्षं तुटलेला असणार. किमान थर्ड पार्टी उतरवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका, "नुसती पेट्रोल पंपापर्यंत" सुद्धा नाही. आणि इथे एक मेख आहे. पॉलिसीबरोबरचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा आरसीवर ज्याचं नाव त्याच्यापुरता असतो. गाडी वडिलांच्या नावावर, चालवणार मुलगा: म्हणजे त्याला त्याचं कवच नाही. एकतर गाडी त्याच्या नावावर करा (फॉर्म २९ आणि ३०, पाठोपाठ पॉलिसीतही नाव बदला) किंवा त्याचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतर. अर्ज "गिअरसह मोटरसायकल" असाच करा, चुकून बिनगिअरचा भरला तर सगळं पुन्हा. लर्निंगवर पुढेमागे लाल एल हवा. मित्राला डबल सीट घेता येत नाही, मागे शिकवणारा असेल तरच.

घाटउतार

चालवण्याबद्दल. गिअर आणि क्लच पोरं दोन दिवसांत शिकतात. ब्रेक मात्र वर्षानुवर्षं चुकीचे मारतात, कारण कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं: "पुढचा दाबू नको, पडशील."

पुढचा ब्रेक झटक्याने दाबला की पडतो. सावकाश वाढवत नेला तर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम तोच करतो. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं, म्हणून नुसता मागचा दाबला की चाक लॉक होऊन शेपटी फिरते. मोकळं मैदान किंवा बंद रस्ता बघा, खडूने रेघ ओढा आणि त्या रेघेवर ब्रेक सुरू करायला सांगा. आधी २० च्या वेगाने, मग ३०, मग ४०. प्रत्येक वेळी कुठे थांबला तिथे खूण करा. ॲक्सिलरेटरची मूठ सोडणं, दोन्ही ब्रेक वाढवत नेणं, अगदी शेवटी क्लच. क्लच आधी दाबला की इंजिनाचा अडसर सुटतो. रोज पंधरा वेळा, आठवडाभर.

हिशेबही करून घ्या. ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. डोळ्याने पाहून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तेच ११ मीटर. ड्रम ब्रेकने कोरड्या रस्त्यावर पुढे आणखी १२ धरा. एकूण २३. हेच ६० ला १७ आणि २८, म्हणजे ४५. वेग दीडपट झाला आणि अंतर दुप्पट. पार्किंगमध्ये पावलं टाकून ४५ मीटर मोजायला लावा, समोरच्या बसच्या मागे किती जागा सोडायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

धायरीत राहता म्हणून मुद्दाम: नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा हायवेचा उतार पहिले काही महिने वर्ज्य. भरलेले ट्रक तिथे उतारावर येतात, काही डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये, आणि मग ब्रेक तापून काम करत नाहीत. तुमचा मुलगा कितीही नीट चालवू दे, मागून येणाऱ्या वीस टनांवर त्याचा ताबा नसतो. सिंहगड रोडने जाऊ द्या, वेळ लागला तर लागू दे.

सिंहगडाचा घाट उतरताना नियम साधा: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. तिथे तो बहुधा दुसरा. इंजिनाने रोखायचं आणि ब्रेक वळणाआधी मारून सोडायचा. सतत दाबून धरलेला ड्रम ब्रेक तापतो, फुगतो, आणि लिव्हर जवळ येत जाते. तसं जाणवलं तर बाजूला थांबून वीस मिनिटं गार होऊ द्या. पाणी ओतायचं नाही.

जूनच्या पहिल्या सरीत वर्षभराचं सांडलेलं ऑइल वर येतं. पहिला अर्धा-पाऊण तास सर्वात वाईट, नंतर धुऊन जातं. चेंबरची लोखंडी झाकणं, झेब्राचे पांढरे पट्टे, पेव्हर ब्लॉक: यांच्यावर ना ब्रेक ना वळण, गाडी सरळ ठेवून पार करायची. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ओले असतात, पन्नासेक मीटर हलके ब्रेक लावून चालवलं की वाळतात. भिडे पुलावरून पाणी चाललं असेल तर प्रश्नच मिटला, डेक्कनहून फिरून जायचं. पाण्यात बंद पडली तर किक मारू नका. प्लग काढून आत पाणी गेलंय का बघा, आणि ऑइल दुधट दिसलं तर आधी ते बदला.

हेल्मेटवरून पुण्यात वाद घालायला माणसं कायम तयार असतात, मी घालणार नाही. आयएसआय शिक्का, आयएस ४१५१, डोकं गच्च धरणारं. आणि पट्टा लावलेला. आरशाला टांगलेलं मोजत नाही.

डिकीत दोरी

चारचाकीही शिकणार असेल तर रस्त्यावर सोडण्याआधी स्टेपनी बदलून घ्या, पार्किंगमध्येच. नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असताना अर्धा फेरा ढिले करायचे. वर उचलल्यावर चाक नुसतं फिरतं आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरते. आवळताना शेजारचे नव्हे, समोरासमोरचे. स्टेपनीतली हवा दर महिन्याला बघायची, गरज पडते तेव्हाच ती बसलेली सापडते.

पार्किंगनिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदांचं काम सुरू केलं. सांगितल्याप्रमाणे टाकी, नळी, प्लग, ऑइल, दोन्ही ब्रेक झाले. सहाव्या किकला सुरू झाली! पण दोन अडचणी. चोक ओढलेला असेल तरच चालते, चोक काढला की अर्ध्या मिनिटात बंद. आणि पार्किंगमध्येच हलवून बघताना पहिला गिअर टाकला की क्लच दाबलेला असूनही उडी मारते.

तेलकट चिंधी

उडीचं सोपं आहे. उभं राहून क्लचप्लेटा एकमेकींना चिकटल्यात. इंजिन बंद, गाडी चौथ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबून मागेपुढे जोरात हलवा. थोड्या वेळाने चाक मोकळं होईल. मग इंजिन गरम झाल्यावर दोन-चारदा क्लच दाबा-सोडा. तरीही राहिलं तर केबलचा खेळ जास्त आहे का बघा.

चोकवर चालते म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. दहातल्या नऊ वेळा कार्ब्युरेटरमधला स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) बुजलेला असतो. खालची वाटी उघडा, दोन पितळी जेट दिसतील. बारीक भोकाचा तो स्लो. उजेडाकडे धरा, भोकातून गोल उजेड आरपार दिसला पाहिजे. सुई किंवा टाचणी खुपसू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर मारून रात्रभर ठेवा आणि पंक्चरवाल्याकडची हवा मारा. फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक केस. काढताना अचूक मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा, खाच गेली की जेट ड्रिल करून काढावा लागतो.

बाहेरच्या हवेच्या स्क्रूला हात लावण्याआधी तो पूर्ण आत किती फेऱ्यांत जातो ते मोजून वहीत लिहा, आणि आत टेकला की थांबा, आवळू नका. परत लावताना तेवढेच फेरे बाहेर. सहसा दीड ते दोनच्या दरम्यान निघतं.

जेट साफ करूनही तसंच राहिलं तर कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या जोडाचं रबर बघा. इंजिन गार असतानाच सुरू करून त्या जोडावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा, सायलेन्सरपासून लांब. रेस बदलली तर तिथून हवा शिरतेय, ओ-रिंग बदला.

आणि सगळं ठीक होऊन गाडी चार-पाच किलोमीटरवर अचानक बंद पडायला लागली, तर कार्ब्युरेटर पुन्हा उघडायच्या आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी परत चालू झाली, म्हणजे झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलंय. टाचणी तिथे वापरा.